हाडावरचा उंचवटा

"आता बोल," म्हणत दादानं माझ्या टेबलावर पाकीट आपटलं. वहिनी त्याच्या मागे दारातच उभ्या राहिल्या.

पाकिटात वहिनींच्या छातीचा एक्स-रे होता, आठ दिवसांपूर्वी मीच काढलेला. आधीच्या फोटोत उजव्या फुप्फुसावर लिंबाएवढा डाग होता. यात काहीच नव्हतं. डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन थांबवलं होतं. दोन फोटोंच्या मधल्या काळात दादानं वहिनींना तीनदा त्या हातवाल्याकडे नेलं होतं. हा गृहस्थ डोक्यावर हात ठेवून माणसं बरी करतो म्हणे. सत्तावीस वर्षं मी माणसांच्या आतले फोटो काढतोय, हात ठेवून गेलेला डाग एकदाही बघितला नाही. दादाला हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

तरी खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. वहिनी वाचणार असतील तर हातवाल्याची जाहीर माफी मागायलाही मी तयार होतो. मग फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. गळ्याजवळचं डावं हाड सरळ होतं. वहिनी लहानपणी सायकलवरून पडल्या होत्या, ते हाड वाकडं जुळलं होतं आणि त्यावर वाटाण्याएवढा उंचवटा आला होता. जुन्या फोटोत तो स्वच्छ दिसायचा.

हा फोटो वहिनींचा नाहीच, असं मी दादाला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवलं. त्यानं शांतपणे बघितलं.

"मग त्यांनी हाडही नीट केलं असेल," तो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. या माणसाशी वाद तरी कसा घालायचा? जो पुरावा समोर ठेवावा, तो हा उचलून स्वतःच्याच खिशात घालतो. डाग राहिला असता तर विश्वास कमी पडला म्हणाला असता. हरायची सोयच नसलेल्या खेळात जिंकण्याला काय अर्थ आहे?

"मग हे झालं कसं, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

मला तो दिवस आठवला. वहिनींच्या पाठोपाठ आणखी एक बाई आली होती. आधी फोटोच्या पाटीवर पेशंटचा नंबर लावायचा, मगच फोटो काढायचा, हे नव्या लोकांना मीच घसा फोडून शिकवतो. त्या दिवशी दादाचा फोन आला. हातवाल्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. फोन मानेत धरून मी दोन्ही फोटो काढले आणि नंबर नंतर लावले. हातवाल्याचा चमत्कार माझ्याच हातून झाला होता.

"माझी चूक," मी म्हणालो. "नंबर उलटे लागले."

"तुला तिचं बरं झालेलं बघवत नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

वहिनींनी पदर सरकवून गळ्याजवळ बोट फिरवलं. "अहो, आहे की इथंच," त्या दादाला म्हणाल्या, घरात हरवलेली वस्तू सापडल्यासारख्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे माझा फोटो त्या दुसऱ्या बाईकडे गेला?"

मी मान डोलावली.

"मग आधी तिला फोन करा. आठ दिवस ती बिचारी माझं रडणं रडतेय."

मी फोन करून आलो तेव्हा वहिनी सांगण्याची वाट न बघता भिंतीवरच्या एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवून उभ्या होत्या. गळ्यातलं काढून त्यांनी दादाकडे दिलं होतं. तो ते मुठीत घट्ट धरून बसला होता. मी आधी नंबर लावला.