माझ्या कमरेची किल्ली

"किती मिनिटं चालली आकडी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "मी बहिणीकडनं घरी पोचले तरी चालूच होती."

"आजी, मिनिटं."

"पंचवीस," सून म्हणाली. "पहिल्यापासून घड्याळ बघत होते."

नात सहा वर्षांची. तिला आकडी येते हे मी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दवाखान्यातून नाकात मारायचा फवारा मिळाला, तेव्हा नर्सनं सुनेला शिकवलं होतं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर फवारा, लगेच गाडी. मीही ऐकलं. बहिरी नाही मी.

घरी सून म्हणाली, "आई, फ्रीजवर ठेवू या. हाताशी राहील."

"आल्यागेल्यानं बघायला? उद्या पोरीला कोण करून घेईल? कपाटात राहू दे. किल्ली माझ्या कमरेला आहे, मी कुठं पळून जातेय?"

पळाले नाहीच. चार गल्ल्या पलीकडे बहिणीकडे बसून तिच्या सुनेला नावं ठेवत होते. तिथं फोन आला. गुडघे धरून जेवढं धावता येतं तेवढी धावले.

पोर कुशीवर होती, अंग अजून झटके देत होतं. गाडी यायची होती. कपाटाच्या दारावर सुरीचे ओरखडे. अकरा किल्ल्यांतली एक, मला सापडेना. सुनेनं जुडगा हातातून घेतला, पहिल्या झटक्यात लावली. फवारा मारला. आकडी थांबली नाही. दवाखान्यात शिरेतून औषध गेलं तेव्हा थांबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झाला की ती औषधालाही दाद देत नाही.

सून मला बोलली नाही. बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते.

आता फवारा दाराजवळ खिळ्याला टांगलाय. परवा बहीण आली. "हे गं काय?"

"नातीचं औषध. आकडी येते तिला. चहा घेतेस?"

पूर्वी नात माझ्या मांडीवर बसून किल्ल्या मोजायची. अकरा, एका दमात. आताही मोजते, डाव्या हातानं; उजवा अजून उचलत नाही. चारावर थांबते, माझ्या तोंडाकडे बघते.

पाच मी म्हणत नाही. तिचं ती म्हणेल म्हणून बसून राहते.