तारवाल्याचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. पण भिंतीवर दिमाखात मिरवणारा नव्हे. एका चित्रकथाकाराच्या टेबलावर, शाईची दौत आणि ब्रशांचा डबा यांच्या मधोमध, मी अंग चोरून उभा असतो. पाटीएवढी माझी काच, तिला पातळ लाकडी चौकट आणि खाली लोखंडी पाय. पायाला एक स्क्रू आहे. तो सैल केला की मला मान वर करता येते, खाली घालता येते, बाजूलाही वळवता येते.

मित्रांनो, माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथे एका कारागिराने मोठ्या काचेतून मला कापून काढले, माझ्या कडा घासल्या, पाठीवर चांदीचा मुलामा चढवला आणि त्यावर लाल रंगाचा थर दिला. मुलामा वाळल्यावर मला जे पहिले दिसले, ते त्याचे घामेजलेले कपाळ. त्याने माझ्यात पाहून केस सारखे केले आणि मला इतर आरशांच्या रांगेत ठेवून दिले. एवढाच आमचा परिचय.

पुढे मी कंगवे, कात्र्या आणि दाढीचे ब्रश विकणाऱ्या दुकानात आलो. मला न्यायला आलेला तरुण इतका बुजरा होता, की दुकानदाराने "दाढीसाठी का?" असे विचारताच तो "हो" म्हणून मोकळा झाला. खरे तर त्याला तेव्हा धड दाढीही फुटली नव्हती. त्याला मी चित्रांसाठी हवा होतो. पण ते सांगायचे म्हणजे चार वाक्ये बोलावी लागली असती.

त्याची खोली लहान होती. दोन टेबले वर्गातल्या बाकांसारखी एकामागे एक मांडलेली. पुढच्या टेबलावर तो आणि मागच्या टेबलावर त्याची थोरली बहीण. चित्रकथेच्या फुग्यांमधले संवाद ती लिहीत असे. तिचे अक्षर गोल, टपोरे होते. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

त्यांच्या कामाची एक ठरलेली रीत होती. तो आधी पेन्सिलीने साऱ्या चौकटी काढी. घरे, रस्ते, धावणारी माणसे, सगळे त्यात असे. फक्त चेहरे कोरे. मानेवर नुसती अंडाकृती रेघ. मग ते पान मागे ताईकडे जाई. ती फुग्यांत संवाद लिही आणि पान त्याच्याकडे परत येई. त्यानंतर माझे काम सुरू होई. तो माझ्यासमोर बसून भुवया चढवी, दात विचकी, गाल फुगवी, डोळे वटारी आणि माझ्यात दिसेल ते कागदावर उतरवी.

"समोरच्या काकू विचारत होत्या," ताई एकदा म्हणाली, "तुझ्या भावाची दाढ दुखते का म्हणून. खिडकीतून रोज बघतात म्हणे."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, दाढ नाही, डोकं."

त्याच्या नायकाचे नाव होते तारवाला. एकदा संबंध वस्तीची वीज गेली होती. खाली जमलेले लोक वायरमनच्या नावाने खडे फोडत होते आणि तो वर खांबावर बसून निवांत शीळ घालत तारा जोडत होता. चित्रकाराने ते खिडकीतून पाहिले आणि त्याच दुपारी विजेच्या तारांवरून शहरभर चालणारा एक माणूस कागदावर आला. त्याच्याविरुद्ध होता अंधारशेठ, लोकांच्या घरातला उजेड चोरून पोत्यांत भरणारा. मुलांच्या एका साप्ताहिकात ही कथा येऊ लागली आणि मुले त्या पानावर तुटून पडू लागली.

माझे ते वैभवाचे दिवस होते. चित्रकार मला रोज सकाळी जुन्या मलमलच्या तुकड्याने पुसत असे. कौतुकाची पत्रेही येत. एका मुलीने मात्र विचारले होते, की तारवाला आणि अंधारशेठ सख्खे भाऊ आहेत का. साप्ताहिकाचे संपादक खूप हसले आणि "चुलत" असे उत्तर छापून मोकळे झाले. चित्रकार हसला नाही. त्याने माझ्यात बराच वेळ पाहिले. नायक, खलनायक, दूधवाला, फौजदार, फौजदाराची सासू, सगळ्यांचे चेहरे त्याचेच होते. दुसऱ्या कोणाकडे टक लावून पाहण्याचा धीर त्याला कधी झाला नव्हता. त्याच्याकडे एकच चेहरा होता आणि तो त्यावरच साऱ्या गावाचा संसार चालवत होता.

मग तो चेहराही गेला.

एका सकाळी चूळ भरताना पाणी त्याच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागले. तो माझ्यासमोर येऊन बसला. त्याने भुवया चढवल्या. एकच वर गेली. त्याने डोळे मिटले, एकच मिटला. डॉक्टरांनी सांगितले, की चेहऱ्याची नस सुजली आहे. कदाचित काही आठवड्यांत सुधारेल, कदाचित महिने लागतील, थोडे व्यंग राहूनही जाईल. अर्धा चेहरा त्याचा होता आणि अर्धा कोणा गाढ झोपलेल्या माणसाचा.

नेमके तेव्हाच कथेचे शेवटचे पान यायचे होते. अंधारशेठची पोती फुटतात आणि साऱ्या शहरात एकदम उजेड होतो, असे ते पानभर एकच चित्र होते. खिडक्यांत, गच्च्यांवर, रस्त्यावर गर्दी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर काही वेगळे. शुक्रवारी पान छापखान्यात जायला हवे होते.

संपादक स्वतः घरी आले. स्टुलावर बसून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"स्पष्ट बोलू का? शरीरं तू काढ. चेहरे दुसऱ्याकडून काढून घेतो. आपल्या धंद्यात चालतं हे. कोणाला कळणारही नाही."

चित्रकाराला त्या दिवसांत ओठ मिटून उच्चारायची अक्षरे जमत नव्हती. 'तो माझा आहे' असे त्याला तारवाल्याबद्दल म्हणायचे होते, हे मी अगदी समोरून पाहत होतो. त्यातला 'मा' त्याच्या ओठांवर लटपटला, म्हणून तो नुसते "नको" म्हणाला.

"अरे, गप्प बसू नकोस. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं," संपादक उठत म्हणाले. "शुक्रवारी सकाळी येतो. तुझं पान झालं तर उत्तमच. नाही तर चेहरे कोरे ठेव, मी बघतो."

चित्रकाराने गर्दी काढली. संवाद कच्च्या कागदावर होते. ते लिहायला पान ताईकडे द्यायचे होते, पण पहिल्यांदाच रीत मोडून तो आधी चेहरे काढायला बसला. आठवणीतून हसू काढायला गेला, तरी नजर सवयीने माझ्याकडे वळे आणि हात तेच वाकडे तोंड काढी. ताई त्याच्या खांद्यावरून डोकावली.

"हे काय रे? सगळ्या गावाच्या अंगावरून वारं गेलं की काय?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "मला तसं म्हणायचं नव्हतं. थांब, माझं तोंड आहे की! फुकटात आहे. काढ."

ती समोर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखी.

"हस," तो म्हणाला.

"कशाला?"

"उजेड झालाय. शहरात."

"उजेड झाल्यावर कोण हसतं? माणूस आधी पंखा लागला का ते बघतं."

तरी तिने हसून दाखवले. ते हसू इतके आज्ञाधारक होते, की त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याने सगळे चेहरे रबराने खोडून टाकले. पान मागच्या टेबलावर सरकवले आणि स्वतःला पाहणे नको, म्हणून मला हाताने बाजूला लोटले. स्क्रू सैल होता. मी गर्रकन कलंडलो आणि तिरपा होऊन थांबलो.

आता माझ्यात चित्रकार नव्हता. माझ्यात मागचे टेबल होते, आणि त्यावर वाकलेली ताई.

मित्रांनो, मला जे त्याच्या कानाशेजारून कित्येक वर्षे दिसत आले होते, ते त्याने त्या क्षणी प्रथम पाहिले. ताई फुग्यांत संवाद लिहीत होती, आणि लिहिता लिहिता ओठांतल्या ओठांत तो बोलत होती. पानावरचे चेहरे कोरे असत ना? मग ज्याचा संवाद, त्याचा चेहरा ती नकळत स्वतःच्या तोंडावर आणी. 'आले, आले! दिवे आले!' असे लिहिताना तिच्या भुवया केसांना जाऊन भिडल्या. 'आता या वयात काय बघायचं राहिलंय?' या म्हाताऱ्याच्या वाक्याला तिचा खालचा ओठ लोंबला. 'आई, माझी सावली परत आली!' हे एका चिमुरडीचे वाक्य लिहिताना तिचे डोळे असे झाले, की चित्रकाराने खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलली.

त्याने कोरा कागद ओढला. मागे वळला नाही. वळला असता तर पुन्हा ओळखपत्राचा फोटोच मिळाला असता.

"आज एवढा शांत का रे?" ताईने मान वर न करता विचारले.

"तू लिही."

ती लिहीत राहिली आणि तो काढत राहिला. शेवटी फक्त अंधारशेठ उरला, पोती फुटलेला, चिडून लाल झालेला. त्याला संवादच नव्हता. चित्रकाराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला,

"अक्षर नीट नाही आज."

"काय? माझं अक्षर?" ताईचा टाक हवेतच थांबला. "आजवर एका माणसानं नाव ठेवलं नाही माझ्या अक्षराला! स्वतःच्या रेघा बघ आधी, गांडुळं सोडल्यासारख्या!" तिच्या नाकपुड्या फुगल्या, हनुवटी पुढे आली. माझ्यात अंधारशेठ साक्षात उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी पान तयार होते. ताईने ते पाहिले, जवळ नेऊन पाहिले, लांब धरून पाहिले.

"या नाकपुड्या माझ्या आहेत!"

तो ब्रश धुऊ लागला.

"अंधारशेठ माझ्यासारखा दिसतो?"

"नाही. तू त्याच्यासारखी दिसतेस," तो अडखळत म्हणाला, आणि अर्ध्या चेहऱ्याने हसला. ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग पदर तोंडाला लावून ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. हसत होती की रडत होती, ते माझ्या टप्प्यात नव्हते.

संपादकांनी पान हातात घेतले आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे तूच दुसऱ्याकडून काढून घेतलेस? कोण आहे हा? इतक्या तऱ्हेचे चेहरे तुला कधी जमले नव्हते."

चित्रकाराने पेन्सिल खांद्यावरून मागे दाखवली.

"माझ्याकडे काय बघताय?" ताई म्हणाली. "मी फक्त अक्षरं लिहिते."

ते पान तसेच छापले गेले. तारवाल्याच्या धन्याचे, म्हणजे चित्रकाराचे, नाव बदलले नाही. मात्र त्याखाली त्याने हट्टाने एक ओळ वाढवून घेतली: 'अक्षरे आणि चेहरे: ताई'.

नंतर त्याचा चेहरा हळूहळू सुधारला. डावी भुवई थोडी आळशी राहिली, एवढेच. पण मला त्याने पुन्हा सरळ केले नाही. त्या दिवसापासून तो माझ्यात स्वतःला पाहत नाही. हळूहळू तो चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर, टपाल कचेरीच्या रांगेतही माणसांकडे पाहू लागला. मग माझी गरज आणखी कमी झाली. मलमलचा तुकडा कुठे हरवला, कोण जाणे. माझ्यावर धूळ बसते, आणि कडांचा मुलामा उडून तिथे काळे ठिपके पडले आहेत. फुग्यांतली अक्षरे आता संगणक लिहितो, म्हणून मागचे टेबल बहुतेक रिकामेच असते. मी त्या रिकाम्या टेबलाकडे पाहत असतो. मला त्याचे वाईट वाटते, असे मी म्हणणार नाही. समोर असेल ते दाखवणे, हेच माझे काम.

कधी दुपारी ताई येते, चष्मा लावते आणि नव्या पानाचे संवाद वाचू लागते. तेव्हा चित्रकार माझी काच शर्टाच्या बाहीने घाईघाईने पुसतो. फक्त मधला गोल, तिच्या चेहऱ्यापुरता.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना आरसा असेल. त्याला ओल लागू देऊ नका. ओलीने आमच्या पाठीचा मुलामा सुटतो. कोरड्या, मऊ कापडाने पुसा आणि कडाही विसरू नका. आणि निरुपयोगी म्हणून त्याला माळ्यावर टाकायचे ठरलेच, तर तत्पूर्वी त्याला एकदा थोडे तिरपे करा. तुमच्या पाठीमागे कोणी तरी काम करत बसलेले असेल. त्यांना हाक मारू नका. नुसते पाहा.