पडवीतले इंजिन आणि मुशीचे तेल

मी एक जुने इंजिन आहे. मोटारसायकलचे, विलायती, एका सिलिंडरचे. जुने म्हटलेले मला चालते, भंगार म्हटलेले चालत नाही. ज्यांनी मला भंगार म्हटले त्यांची नावे मी विसरलेलो नाही. मित्रांनो, गोष्ट ऐकणाऱ्यांना मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यातले खरे मित्र किती ते शेवटी बघू.

मी लढाईसाठी घडलो. लढाई संपली आणि लष्कराने आम्हाला लिलावात काढले. समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या एका होडीवाल्याने मला घेतले. त्याच्या होडीला तेव्हा शीड होते, पण दारात मोटारसायकल होती. टाकीवर त्याचा धाकटा मुलगा सॅम्युएल, मागे थोरला मायकेल आणि त्याच्या मांडीवर मासळीची पाटी, असे आम्ही भाईंदरच्या बाजाराला निघायचो. वाटेतल्या मोरवा गावची पोरे धुळीतून माझ्यामागे पळत. घरी आल्यावर मायकेल आपल्या सदऱ्याने माझी टाकी पुसायचा. तेव्हा माझे सर्वांत जास्त कौतुक त्यालाच होते, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

चौसष्ट साली बाप गेला आणि वाटण्या झाल्या. होडी मायकेलला आली, मी सॅम्युएलला; होडीला मायकेलने लगेच इंजिन बसवले. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. पडवी तेवढी वाटता येईना म्हणून ती दोघांची राहिली, म्हणजेच भांडणाची राहिली. मायकेलचे म्हणणे, पावसाळ्यात जाळी ठेवू कुठे? ते काही खोटे नव्हते. सॅम्युएलचे म्हणणे, एका खोलीत आम्ही चार माणसे, मग बापाची गाडी काय डोक्यावर घेऊ? तेव्हा मायकेल माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मेलेलं ढोर कोन घरात ठेवतं?"

मी मेलो नव्हतो. बापाच्या आजारपणात कोणी हात लावला नाही म्हणून बसलो होतो, एवढेच.

भांडण बायकांपर्यंत गेले. सॅम्युएलची सेलीन आणि मायकेलची विल्मा एकाच विहिरीवर पाणी भरत. एक दिवस विल्माने पोहऱ्याचा दोर मधोमध कापला आणि अर्धा सेलीनच्या दारात टाकला. आता दोघींचाही दोर पाण्यापर्यंत पोचेना. पण नवा दोर आणीपर्यंत दोन दिवस दोघींनी लांबच्या विहिरीवरून पाणी आणले, गाठ मारून घेतली नाही. असे हे घर, आणि त्यात मी.

शेवटी दोन वर्षांनी, सहासष्ट साली, गावच्या पाटलाने तोड काढली. पावसाळ्यानंतरच्या चर्चच्या सणापर्यंत सॅम्युएलने मला सुरू करून दाखवायचे. सुरू झालो तर पडवी त्याची. नाही झालो तर पडवी जाळ्यांची, आणि मी बाहेर उघड्यावर. उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर पडलेले लोखंड किती दिवस टिकते, ते मी सांगायला नको.

सॅम्युएल भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारायचा. इंजिनातले त्याला काही कळत नव्हते, पण हौस दांडगी. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की पाटावर बसायचा आणि मला खोलायचा. माझे नटबोल्ट सेलीनच्या ताटल्यांतून मांडायचा. एकदा भातात एक वायसर निघाला, तेव्हा दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही. माझे प्रत्येक अंग त्याने आरशासारखे घासले, नको तिथेही घासले. मला राग यायचा, पण माझ्याकडे इतके बघणारे दुसरे कोण होते?

मग पावसाळा तोंडावर आला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि गावभर मुशीच्या तेलाचा वास सुटला. मुशी माशाचे काळीज कढवून काढलेले ते तेल इथे लाकडाला पाजतात. त्याने फळी कुजत नाही, किडा लागत नाही. वाडवडिलांपासून चालत आलेली गोष्ट. सॅम्युएलने विचार केला, जे होडीला राखते ते इंजिनाला का राखणार नाही? त्याने डबाभर तेल आणले आणि माझा पिस्टन, त्याच्या कड्या, झडपा, सगळे त्यात बुडवून बुडवून काढले आणि तसेच बांधून ठेवले.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला मायकेल जाळे दुरुस्त करीत होता. त्याची सुई थांबली. तो डब्याकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडले, आणि मिटले. मग पुन्हा खाली मान घालून विणू लागला. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही.

सणाच्या दिवशी मिसा सुटल्यावर गाव दारात जमले. सॅम्युएलने नवा सदरा घातला होता. तो कॅलेंडरवरच्या संतासारखा ताठ उभा राहिला आणि त्याने किक मारली. मी जोर लावला. मित्रांनो, खरेच लावला. पण चार महिन्यांत त्या तेलाचा डिंक झाला होता. कड्या खाचांत रुतल्या होत्या, झडपा जागच्या जागी चिकटल्या होत्या. विसाव्या किकेला मी तीनदा धडधडलो, तेवढ्यात उघडी राहिलेली झडप पिस्टनवर आदळून वाकली. किकचा दांडा उलटा फिरून सॅम्युएलच्या नडगीवर बसला. रक्त आले. कोणीतरी हसले.

मायकेल जिंकला होता. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावे, पण त्याला ते जमले नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माज्या होडीच्या इंजनाला पन पयल्या साली हेच झालेलं. मुशीच्या तेलानं झडपा चिकटतात."

सॅम्युएलने नडगीवरचा हात काढला. "दादूस, तुला ठाव होतं?"

मायकेल पाठ फिरवून किनाऱ्याकडे चालू लागला. गावाला उत्तर कळले. विल्मासुद्धा नवऱ्याकडे न बघता घरात गेली. पण पाटलाचा शब्द तो शब्द. संध्याकाळी पडवीत जाळी आली. मला बाहेर मात्र कोणी काढले नाही. कोपऱ्यात ढकलले आणि वरून जाळी टाकली, बहुधा तेवढी लाज मायकेलला वाटली असावी. त्या दिवसापासून सॅम्युएलने त्याला दादूस म्हणणे सोडले.

ओल्या जाळ्यांखाली मी कित्येक वर्षे काढली. सॅम्युएल रविवारी जाळ्यांत हात घालून माझा एकेक भाग काढायचा, रॉकेलने धुवायचा, परत ठेवायचा. आता तो घाई करीत नव्हता. भाईंदरच्या गॅरेजवाल्यांकडे जाऊन बसायचा, विचारायचा, ऐकायचा. वाकलेली झडपही त्याने तिथूनच बदलून आणली. हळूहळू त्याचा कान तयार झाला. रस्त्यावरून ट्रक गेला की आत काय झिजले आहे ते तो बसल्या जागी सांगे.

पंचाहत्तर साली, एका पहाटे, किनाऱ्यावर मायकेलने होडीचे इंजिन सुरू केले. आमची पडवी किनाऱ्यालगतच आहे. सॅम्युएलच्या हातात चहाचा कप होता. इंजिनाच्या आवाजात एक बारीक ठोका होता. तो त्याने ऐकला, मीही ऐकला. बेअरिंग गेले होते. असे इंजिन भर समुद्रात फुटते.

सेलीनने त्याचा चेहरा बघितला आणि काय झाले ते विचारले. त्याने सांगितले. ती म्हणाली, "मंग जा ना, सांगून ये."

"त्यानं मना सांगितलं व्हतं?"

ती चुलीकडे वळली. बोललो मी, मनातल्या मनात. नको सांगू, म्हणालो. फुटू दे. त्या होडीवर पाच माणसे होती हे मला ठाऊक होते, तरी मी हेच म्हणालो.

सॅम्युएलने कप खाली ठेवला आणि तो अनवाणी धावत सुटला. किनाऱ्यावर काय झाले ते पुढे गावाने सांगितले. तो कमरेइतक्या पाण्यात जाऊन ओरडला, "मायकेल, बेअरिंग गेलंय. आज जाव नको." मायकेलने त्याला जळतोस म्हणून शिवी दिली. सॅम्युएलने ती ऐकून घेतली आणि होडीची कड धरून तसाच उभा राहिला. शेवटी मायकेलने इंजिन बंद केले. दुपारी मेकॅनिकने ते खोलले, तेव्हा बेअरिंगचे तुकडे त्याच्या ओंजळीत आले.

आभार कोणी मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी पडवीतली जाळी गेली. दोन दिवसांनी मायकेल इंजिनाच्या तेलाचा एक डबा घेऊन आला, सीलबंद, नवा. तो त्याने माझ्यापाशी ठेवला आणि निघून गेला. नऊ वर्षे उशीर झाला होता.

त्या वर्षीच्या सणाला मी सुरू झालो. सॅम्युएल हसत होता आणि रडतही होता. मायकेल आपल्या दारात उभा होता, पुढे आला नाही.

मित्रांनो, यंत्राला योग्य ते तेल घाला, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. कोणी चुकत असेल आणि तुम्हाला ते कळत असेल, तर तोंड उघडा, मग तो तुमचा वैरी का असेना. मायकेलने ते उघडले नाही, म्हणून मी त्याला माफ केलेले नाही. कधी कधी करावेसे वाटते, कधी वाटत नाही. पण त्याला नावे ठेवायला लागलो की मला ती पहाट आठवते. नको सांगू, असे मीही म्हणालो होतो.