निवळीबाबा आणि रक्तीचं पाणी

रविवारी सकाळी गडमुडशिंगीत हंबीररावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निवळीबाबा आले होते! बाबा माणसाच्या दंडातून रक्त काढत, काचेच्या नळीत भरून लाल फडक्याखाली ठेवत आणि तासभर मंत्र पुटपुटत. फडकं उचललं की खाली लाल गोळा, वर पिवळसर निवळ पाणी.

"पाप खाली बसलं, पुण्य वर आलं!" बाबा गरजले. "पोरीची साखर पापात अडकली. आता ती इन्सुलिनची सुई कायमची उकिरड्यावर!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. तासभर बसून पुण्य मिळत असेल तर आमच्या लोकांची कशालाच ना नसते.

पोर म्हणजे हंबीररावांची चौदा वर्षांची मोना; नळीतलं रक्त तिचंच. बाबांनी आधीच धाडलेल्या निरोपाखातर तिची सुई कालपासूनच बंद होती. भिंतीला टेकून ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि ओकत होती. पाप बाहेर पडतंय, असं बाबांचं निदान होतं.

कुणीतरी गावच्या डॉक्टर अनुजाबाईंना बोलावलं. मोनाला बघताच त्या कडाडल्या, "हंबीरराव, गाडी काढा! सुईवाचून पोर मरेल."

"म्याडम, डोळ्यांनी बघितलंय की! पाणी येगळं झालंय."

बाईंनी मोनाच्या आईला, संयोगितावहिनींना विचारलं, "आज मटण दिसतंय. रक्ती आणलीय?"

"व्हय, बाबांनीच सांगितलंतं." पुण्य गाळायचं म्हणजे भूक लागणारच.

वहिनींनी रक्तीचं वाडगं आणलं. बकऱ्याचं रक्त थिजलेलं, कडेनं पिवळसर पाणी सुटलेलं.

"हे बकऱ्याचं पुण्य. ह्याच्यावर मंत्र कुणी म्हटला?"

"खाटकानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आगं बया!" वहिनी म्हणाल्या. "हे तर मी दर रविवारी मोरीत ओतती."

"दह्याला पाणी सुटतं तसंच गोठल्या रक्ताला सुटतं. डॉक्टर त्याला सीरम म्हणतात. लॅटिनमध्ये सीरम म्हणजे फाटलेल्या दुधाचं पाणी. जुन्या वैद्यांनी ते बघूनच हे नाव ठेवलं." बाईंनी साखर तपासायची पट्टी बाबांच्या नळीतल्या 'पुण्यात' बुडवली. पट्टी काळपट झाली, म्हणजे साखर भरपूर. "आणि साखर ह्या वरच्या पाण्यातच असते. कुठं अडकली नाही, कुठं गेली नाही!"

"कलियुगात पट्ट्यासुद्धा खोटं बोलतात..." बाबांनी सुरू केलं, पण ऐकायला वहिनी होत्याच कुठं? मोनाला उचलून त्या गाडीत बसल्याही होत्या. हंबीरराव किल्ली शोधत धावले.

मोना वाचली. डॉक्टर म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर वाचली नसती. बाबा मात्र ताट वाढायच्या आत पसार झाले.

मला राग त्या भामट्याचा कमी आणि आमचा जास्त येतो. दुधाचा जिल्हा आमचा, रक्ती आमच्या घरोघरी, तरी तेच पाणी काचेच्या नळीत दिसलं की आम्ही हात जोडतो! तेव्हा मंडळी, पुढचा चमत्कार कुणी दाखवला तर नमस्कार करायच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात एकदा डोकावा. आणि लेकरांची सुई देवासाठीसुद्धा बंद करू नका.