पाण्याची पाळी

तृप्तीनं आधी मंदाबाईचे पाय धरले, मग धुरपताचे. आणि तेवढ्यानंच धुरपताच्या पोटात दुखायला लागलं. सत्तरी गाठली, चार नातवंडं झाली, नवरा असेपर्यंत घरात राज्य केलं. पण मंदीपुढे तिचा जीव अजून एकोणीस वर्षांच्या पोरीसारखा जळायचा. त्या मंदीला ना नवरा, ना पोर. तरी आसगाव तिला मान द्यायचं. कशाचा मान? तर चिंधूसाठी जन्म काढला, याचा!

चिंधू म्हणजे तृप्तीच्या आजोबांचा थोरला भाऊ. पन्नास वर्षांपूर्वी ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत, पावसानं ओढ दिली होती. तलावाचं पाणी पाळीनं वाटणाऱ्या पाणकराचा तेव्हा तुडुमावर, जिथून पाणी सोडतात तिथे, कुणीतरी कुदळीनं खून केला. पाळी चिंधूची होती. दोन पोरींनी साक्ष दिली. धुरपता म्हणाली, चिंधूला तुडुमावर पाहिलं. मंदा म्हणाली, तो माझ्याजवळ होता, मोहाच्या झाडाखाली. कोर्टात जमलेलं गाव हसलं. रोवण्याच्या दिवसांत पाण्याची पाळी सोडून पोरीकडे जाणारा माणूस या मुलखात जन्मलाच नव्हता! मंदा खोटी ठरली. चिंधूला जन्मठेप झाली आणि सातव्या वर्षी तो तुरुंगातच तापानं गेला.

"आजी, आमच्या घराले अजून खुन्याचं घर म्हणतेत," तृप्ती म्हणाली. ती भंडाऱ्यात वकिली करायची. "कोर्टात आता काही होत नाही. पण तुम्ही खरं सांगा. मी छापतो, गावापुढं वाचतो." तिनं मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला.

"मी तवा सांगतलं तेच आताही सांगतो," मंदाबाई म्हणाली. "माह्याजवळ होता." मग ती वळली. "धुरपते, माह्या मनात राग नाही. त्याच्या नावाचा डाग काढ फक्त."

राग नाही म्हणे! त्यापेक्षा शिवी दिली असती तर धुरपताला बरं वाटलं असतं.

कारण खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी ती तुडुमाकडे गेलीच नव्हती. चिंधूसाठी जवसाची चटणी घेऊन त्याच्या बांधीवर, धानाच्या शेतावर, गेली होती. तो तिथे नव्हता, आणि त्याच्या पाळीचं पाणी खुशाल दुसऱ्याच्या बांधीत चाललं होतं. शोधत गेली, तर हा मोहाखाली मंदीच्या पायातला काटा काढत बसलेला! वर्षाचं धान वाहून चाललंय आणि हा काटा काढतोय. धुरपतासाठी त्यानं कधी शेताच्या धुऱ्याखाली पाऊल टाकलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा ती तुडूम म्हणून गेली. त्याला दोन दिवस कोंडतील, मंदीचा तोरा उतरेल, एवढंच तिच्या मनात होतं. खरा खुनी कोण, ते कधीच कळलं नाही.

"मी कोर्टात खोटं बोलली," धुरपता एकदाची म्हणाली. "चिंधू तुडुमावर नव्हता."

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंदाबाईनं धुरपताचा हात घट्ट धरला.

"मंग होता कुठं, आजी?"

आता एकच शब्द राहिला होता. तो छापून येणार, गावापुढे वाचला जाणार, आणि चिंधू कायमचा मंदीचा होणार. धुरपतानं हात सोडवून घेतला.

"माह्याजवळ," ती म्हणाली. "माह्यासाठी पाळी सोडून आलता."

तृप्ती मंदाबाईकडे बघतच राहिली. मंदाबाई नुसतं 'नाही' म्हणाली असती, तर दोन साक्षी पुन्हा एकमेकींशी भांडल्या असत्या आणि चिंधू पुन्हा खुनीच राहिला असता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लिही, बाई," ती तृप्तीला म्हणाली. "धुरपता म्हणते तेच खरं. मीच खोटं बोलत होती."

चिंधूसाठी आपल्याला एवढं कधीच सोडता आलं नसतं, हे धुरपताला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि ती मंदीवर आणखीच जळली.