सांध्यातला आवाज

“इंजिन सुरू झालं की तू फक्त ऐकायचं. अंदाज बांधायचा नाही. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. कानावर येईल तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.”

यजमान हे बोलले तेव्हा ते गाडीखाली होते. मला दिसत होते ते त्यांचे दोन पाय आणि डाव्या मोज्याला पडलेलं भोक. मी शेडच्या दारात उभी होते आणि माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे होतं. साडेपाच वाजून गेले होते.

माझा नेम संध्याकाळी सहाचा. हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, प्रार्थनेची वही उघडायची आणि अर्धा तास कोणाशी बोलायचं नाही. बावीस वर्षांत तो चुकला नव्हता. लेकीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या जिन्यावर बसून केला, पण केला. या गोष्टीचा मला गर्व नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. होता. आता लिहिताना कशाला लपवू?

यजमान चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते. गल्लीत त्यांना अजूनही पंपवालेच म्हणतात. त्या पंपांनी आम्हाला घर दिलं, लेकीचं शिक्षण दिलं आणि यांचे कान घेतले. निवृत्तीच्या आधीच माणसांचं बोलणं विरळ होत गेलं होतं. नंतर दाराची घंटा गेली, मग कुकरची शिट्टी. कानाच्या डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. ते लावून यांनी एकदा इंजिन सुरू केलं आणि काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, “डब्यात खिळे खुळखुळल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा शांतता बरी.”

कान परत येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी आम्ही चालत घरी आलो. वाटेत मी यांचा हात धरून म्हटलं होतं, “आजपासून माझे कान तुमचे.”

“हे बरं झालं,” हे म्हणाले. “म्हणजे आता माझी निंदाही तूच ऐक.”

मी मुळात हळू बोलणारी. माहेरी मला मुकी म्हणत. पण यांच्यासाठी या वयात ओरडायला शिकले. आमच्या घरातली कुठलीच गोष्ट आता घरात राहत नाही. भिंतीपलीकडच्या नर्सबाईंना आमच्या भाजीत मीठ किती पडलं तेही कळतं.

गाडीचं वेडही कानातूनच आलेलं. पंपघर टेकडीच्या वळणावर होतं आणि यांच्या तरुणपणी दर रविवारी तिथून एक लाल, दोनच माणसांची बुटकी गाडी वर चढायची. चार पंप चालू असतानाही तिचा आवाज यांना ऐकू यायचा. तशीच गाडी निवृत्तीनंतर एका भंगारवाल्याच्या अंगणात दिसली. दारं गंजलेली, एका सीटमध्ये मांजर व्यालेली. हे तिला ओढून घरी घेऊन आले. लेक फोनवर म्हणाली, “आई, बाबा साठीनंतर बिघडले.” तीन वर्षं खपून यांनी ती चालती केली. गाडीचं नाव पडलं म्हातारी. “म्हातारी आज खोकली नाही,” असं हे सांगत, आणि समोर मी बसलेली असले की घाईनं म्हणत, “गाडी, गाडी.”

राहिला होता सायलेन्सर. जुना कुजून चाळण झाला होता. कंपनीचा मिळेना, म्हणून यांनी बाहेरचा मागवला, चकचकीत स्टीलचा. पार्सल उघडून नळी मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, “याचा आवाज खालचा असतो. जड. कानाला नाही आला तरी पाठीला कळेल.”

तेवढंच हवं होतं त्यांना. पाठीला कळणारा आवाज.

त्या रविवारी ते सकाळपासून लागले होते. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशीच तेल पाजून ठेवलं होतं, तरी एक तुटलाच. तो तासून काढण्यात दुपार गेली. रबरी कड्या साबणाच्या पाण्यात बुडवून हुकांवर चढवल्या. शेवटी नवी नळी वर उचलताना धरायला कोणी हवं होतं, म्हणून मला हाक मारली. मी नुकतंच दिव्यात तेल घालत होते. तशीच गेले.

“हात पूस,” हे म्हणाले. “आणि मग नळी स्पिरिटनं पुसून काढ. बोटांचा तेलकटपणा राहिला की पहिल्या तापात स्टीलवर भाजून बसतो. मग जन्मात निघत नाही.”

मी हात पदराला पुसले. नळी धरली. यांनी पुढच्या सांध्यात पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले, एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, जणू बाळाच्या झबल्याचे बंद. स्पिरिटचं फडकं माझ्या शेजारी पडलेलं होतं. पावणेसहा झाले होते. मी ते उचललं नाही.

मग हे बाहेर आले, सीटवर बसले, चावी फिरवली.

यांनी सांगितल्याप्रमाणे मी पोत्यावर गुडघे टेकून मान खाली घातली. आधी नव्या नळीवरचं तेल जळल्याचा धूर आला. मग तो आवाज. खरंच खालचा होता. शेडचा पत्रा हलला, माझ्या छातीत घुमलं. आणि त्याच्या आत, पुढच्या सांध्यापाशी, डाव्या बाजूला, अगदी बारीक... टिक, टिक, टिक. मध्येच फुस. झोपलेल्या माणसाच्या ओठांतून वारा सुटतो तसा.

यांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ग्रीस आणि डोळ्यांत परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या पोराचा भाव.

“काय?”

आता ‘फुंकतंय’ म्हणावं, तर हे पुन्हा खाली जाणार, पुन्हा आवळणार, पुन्हा सुरू करणार, पुन्हा मला वाकायला लावणार. सहा वाजायला आठ मिनिटं होती.

“काही नाही,” मी ओरडले. “छान आहे. एकदम बसलंय.”

हे हसले. पान्याने स्टिअरिंगवर टकटक केलं. आणि मी आत जाऊन, हातपाय धुऊन, बरोबर सहा वाजता देवासमोर बसले. तोंडातलं खोटं अजून वाळलं नव्हतं.

मंगळवारी हे गाडी पासिंगला घेऊन गेले. मी डबा दिला होता. डबा तसाच परत आला.

“नापास,” हे म्हणाले. “तिथला पोरगा गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरला आणि दुसऱ्या मिनिटाला वर येऊन विचारतो, काका, पुढचा सांधा फुंकतोय, कोणी बसवला? म्हटलं, मी.”

“मग त्यात काय! आवळून घ्या की,” मी म्हटलं.

“आवळून घ्यायचं नाही ते. रविवारी बसला होता आणि मंगळवारी सुटला. दोन दिवसांत सुटणारा सांधा म्हणजे आवळणाऱ्याचा हात गेला.” त्यांनी दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, कोणी दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे. “कान गेले तेव्हा म्हटलं होतं, हात आहेत.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. बाहेर पडलं ते एवढंच, “चहा ठेवू?”

बुधवारी यांनी पाने रॉकेलने धुतले, पुसले, मापाप्रमाणे पेटीत लावले आणि पेटी माळ्यावर ठेवली. गुरुवारी कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला. त्याचा म्हातारीवर पहिल्यापासून डोळा होता. रविवारी सकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला. हे “हो” म्हणाले, आणि त्याला गाडीबद्दल एक शब्द सांगितला नाही. एरवी यांना थांबवायला मला जेवणाची हाक मारावी लागते.

त्या संध्याकाळी मी नेमाला बसले खरी, पण वहीतल्या ओळी डोळ्यांखालून नुसत्या गेल्या. ऐकू येत होतं टिक, टिक, टिक. उठून शेडमध्ये गेले. पोत्यावर वाकून पाहिलं. नळीवर, आरशासारख्या स्टीलवर, चार बोटं आणि अंगठा उमटला होता. तपकिरी, कडांना निळसर. मी पदर ओला करून घासलं. मग राख घेऊन घासलं. आजूबाजूचं स्टील उजळलं, बोटं अजूनच स्पष्ट झाली. परत येताना ते स्पिरिटचं फडकं सोबत आणलं आणि मोरीच्या खिडकीत ठेवलं.

वाटलं, चिठ्ठी लिहावी. यांना वाचता येतं, मला लिहिता येतं, नर्सबाईंना ऐकू जायला नको. कागदही घेतला. पण खोटं मी ओरडून बोलले होते. खरं काय म्हणून चिठ्ठीवर सरकवू?

शुक्रवारी साडेपाचला हे अंगणात खुर्चीवर बसले होते. हातात काही नाही. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अहो, त्या रविवारी मला आवाज आला होता.”

“काय?”

“आवाज आला होता! सांध्यातून!”

“कोणाचा फोन?”

देवानं माझी परीक्षाच घ्यायची ठरवली होती. मी यांच्या कानाशी वाकले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले, “मी खोटं बोलले! सांधा फुंकत होता! मला नेमाला उशीर होत होता म्हणून मी खोटं बोलले!”

भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबला.

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, शब्द अजून तिथेच असल्यासारखे. मग म्हणाले, “कुठून?”

“काय कुठून?”

“आवाज. कुठून येत होता?”

“पुढच्या सांध्यातून. डाव्या बाजूनं. टिक टिक, आणि मध्येच फुस.”

“म्हणजे नवा बोल्ट घातला तिथून.” त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप फिरली, पाना धरल्यासारखी. “म्हणजे सुटला नाही तो. बसलाच नव्हता. पहिल्यांदा फुंकतंच गं ते. गरम झाल्यावर पुन्हा आवळायचं असतं. म्हणून तर तुला बोलावलं.”

“माझं चुकलं.”

“तो पंजा तुझा आहे, ते मला तिथे खड्ड्यातच कळलं होतं,” हे म्हणाले. “पोरानं विचारलं, हा पंजा कोणाचा? म्हटलं, माझाच. त्यानं माझा हात पाहिला आणि हसला. माझं एक बोट तुझ्या दोन बोटांएवढं. पंजाचं काही नाही. घाईत राहतं पुसायचं.”

मी नकळत पदराला बोटं पुसली.

“पण ऐकायला मी नर्सबाईंना बोलावू शकलो असतो. त्यांना रोज लोकांच्या छातीतलं ऐकायची सवय. तुला का बोलावलं? तू खोटं बोलत नाहीस म्हणून.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, माळ्याची शिडी लावली आणि पेटी उतरवायला चढले. मी शिडी धरायला पुढे झाले, तर म्हणाले, “राहू दे. तुझी वेळ झाली.”

टोमणा नव्हता तो. तेच तर सोसवेना.

मी आत आले. दिव्यात तेल घातलं. वात सारखी केली. वही पुढ्यात घेतली. शेडमधून जॅकचा कुरकुर आवाज आला, मग एकेक घोडी सरकवल्याचा, मग पान्याचा. मग इंजिन सुरू झालं. घरातली भांडी हलकेच किणकिणली. थोड्या वेळानं बंद झालं. पुन्हा पाना. पुन्हा इंजिन सुरू, पुन्हा बंद.

मला डोळ्यांपुढे दिसत होतं. हे सीटवरून उतरत असतील, गुडघा धरून वाकत असतील, तापलेल्या नळीपाशी तळहात नेऊन वारा लागतो का पाहत असतील. भाजत असेल. त्यातून काही कळत नसेल. कोणाला हाक मारायची तर मारत नव्हते.

घड्याळात सहाला दोन मिनिटं कमी होती. काडेपेटी माझ्या हातात होती.

तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. या वेळी लवकर बंद झालं नाही. ते चालूच राहिलं. कोणीतरी कान द्यावा म्हणून थांबल्यासारखं.

मी काडेपेटी दिव्याशेजारी ठेवली. वही मिटली. मोरीत जाऊन हात साबणानं दोनदा धुतले. खिडकीतलं स्पिरिटचं फडकं घेतलं, एकेक बोट पुसलं, अंगठा पुसला, आणि शेडकडे उघडणाऱ्या मागच्या दाराची कडी काढली.