पुढची सीट

"अजून पुढे घ्या," प्रणाली म्हणाली.

जीवनने डावीकडच्या पुढच्या सीटखालचा दांडा ओढला आणि सीट आणखी सरकवली. मागच्या बाकावर बाळाची सीट उलटी ठेवली होती. म्हणजे बाळाची पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. तिचा वरचा काठ अजूनही पुढच्या सीटच्या पाठीला घासत होता.

"पूर्ण घ्या. शेवटपर्यंत."

सीट कट्कन अडकली. आता तिथे कोणी बसलं असतं, तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला लागले असते.

"आता झालं," प्रणाली म्हणाली. पनवेलच्या त्या दुकानात ती लहान मुलांच्या वस्तू विकायची. उन्हात गाडीपाशी उभी राहून ती मघापासून एकेक सीट आणून लावून दाखवत होती. एकीला गाडीचा पट्टा पुरला नव्हता. एक बारीक सीट तेवढी नीट बसली होती. गाडी छोटी आणि जुनी. नव्या गाड्यांत मागे लोखंडी हूक असतात, ते हिला नव्हते. ड्रायव्हरच्या मागे लावावी, तर जीवनचे गुडघे स्टिअरिंगला टेकत. बंदरात ट्रेलर चालवणारा, चांगला उंच गडी होता तो.

त्याची आई सखुबाई फोन धरून उभी होती. फोनवर तिची सून कल्पिता होती, पेणजवळच्या आपल्या माहेरून. बाळंतपणाला गेली होती ती अजून परतली नव्हती. बाळ आता तीन महिन्यांचं झालं होतं. "सीट लावल्याबिगर मी गाडीत पाय ठेवनार न्हाय," असं तिने जीवनला साफ सांगितलं होतं. जीवनने फोनचा कॅमेरा उलटा करून तो आईच्या हातात दिला होता. त्यामुळे कल्पिताला गाडी दिसत होती, सासू दिसत नव्हती.

"आई, जरा खाली धरा. पट्टा कुठून जातोय ते दिसत न्हाय," फोनमधून आवाज आला.

सखुबाईने फोन खाली धरला. तिचा डावा हात मनगटातून किंचित वाकडा होता. त्यात सळई घातलेली होती, आणि तो फार वेळ एका जागी धरला की दुखायचा. तिने हात बदलला नाही.

मनगट मोडलं त्याला आता तीन वर्षं होतील. करंजाकडच्या एका हळदीहून ते परत येत होते. जीवन चालवत होता, सखुबाई पुढे त्याच्या शेजारी आणि कल्पिता मागे, दहा महिन्यांच्या साचीला घेऊन. सखुबाईला मागे बसलं की गाडी लागायची, म्हणून पुढची सीट कायम तिची. वाटेत साची रडायला लागली. आजीशिवाय ती कोणाकडे शांत होत नसे. सखुबाईने मागे हात केला, कल्पिताने दोन सीटांमधून पोर पुढे दिली. पुढच्या कंटेनरने अचानक ब्रेक मारला. जीवननेही मारला, पण गाडी त्याच्या मागच्या बाजूवर जाऊन आदळलीच. साची सखुबाईच्या हातातून सुटली.

पोर वाचली नाही.

मयतीला आलेल्या बायका ओटीवर बसून हळू आवाजात बोलल्या, "म्हातारीच्या हातातून सुटली." तेच वाक्य गावात राहिलं. ब्रेक कोणी मारला, पोर कोणी दिली, याबद्दल कोणी काही बोललं नाही. कल्पिताही सासूला एकदाच म्हणाली होती, "तुमच्या हातात दिलेली." त्यानंतर त्या विषयावर घरात शब्द निघाला नाही. ती गाडी विकली. पुढे ही घेतली. पण सखुबाई पुन्हा कधी पुढच्या सीटवर बसली नव्हती. आज पनवेलपर्यंतसुद्धा ती मागेच बसून आली, लिंबू हुंगत.

ती आली हेच जीवनला नवल वाटलं होतं. सकाळी तो चावी घेऊन निघाला, तेव्हा ती नवं लुगडं नेसून दारात उभी होती. "मी येतंय," एवढंच म्हणाली.

प्रणालीने गाडीचं दार पूर्ण उघडलं आणि म्हातारीला जवळ बोलावलं.

"आजी, हे बघा. एवढ्याशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. गाडी गचकन थांबली की डोकं पुढे फेकलं जातं. असं उलटं बसवलं की सगळा धक्का पाठीवर पसरतो. सीट झेलते, मानेवर येत नाही." तिला हे बोलायची सवय होती. रोज चार गिऱ्हाइकांना तेच सांगायचं. "आमच्याकडे येणारे सगळे हेच म्हणतात, कशाला हवी सीट, आम्ही मांडीवर घट्ट धरू. पण नाही धरता येत. गाडी थांबते तेव्हा बाळ आधीच्याच वेगाने पुढे जातं. त्या क्षणी ते धोंड्यासारखं जड होतं. कोणीही असू दे, हातात राहूच शकत नाही."

सखुबाईने फोन धरलेला हात खाली केला.

"कोनाच्याच न्हाय?"

"नाही ना."

"म्हंजे तरन्या गड्याच्यापन न्हाय? पैलवानाच्या?"

"पैलवान असू दे नाहीतर कोणी. माणसाच्या हातांचं काम नाही ते, आजी."

सखुबाई उरणच्या मिठागरात वाढली होती. लग्नानंतरही तिने मिठाच्या पाट्या उचलल्या. भरलेली पाटी एका हाताने डोक्यावर तोलून ती बांधावरून घसरत्या चिखलातून चालायची. मिठागरांवर भराव टाकून तिथे कंटेनरची यार्डं झाली, तेव्हा ती थांबली. आपल्या हातातून काही सुटतं, हे तिला आयुष्यात एकदाच कळलं होतं. तीन वर्षं ती रोज तो हात बघत होती.

"परत सांग, बाय," ती म्हणाली.

प्रणालीला काय झालं ते कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. जीवन दुसरीकडे तोंड करून रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिला. फोन चालूच होता. फोनमध्ये आता गाडीखालचा रस्ता आणि सखुबाईची चप्पल दिसत असणार.

मग फोनमधून कल्पिताचा आवाज आला.

"आई."

"बोल."

"त्या दिवशी मागं या बोललेली मी. पोरीला मागं येऊन घ्या, असं बोललेली."

"व्हय," सखुबाई म्हणाली. "बोललीस तू."

जीवन घाईघाईने पुढे झाला. "हिच्यापरीस मघाची बरी," तो प्रणालीला म्हणाला. "ती बारीक होती ना, पुढं मानूस बसत होता. ही लावली तर आई कुठं बसनार?"

"ती लहान आहे. वर्षभर उलटी लावता येईल, मग बाळ मावणार नाही, पुढे तोंड करून बसवावं लागेल. ही चार वर्षांपर्यंत उलटी चालते. जितके जास्त दिवस उलटं तितकं चांगलं. पण गाडी छोटी आहे ना, पुढची जागा जातेच. तुम्ही विचार करा."

"कल्पिता, काय करू?"

मोठी घ्या म्हटलं तर सासूची जागा जाते, लहान घ्या म्हटलं तर पोराचं काय. दोन्ही तिला बोलवेना.

"मोठी घे," सखुबाई म्हणाली.

"पन आये, तू..."

"मना कुठं जावाचा हाय गाडीनं? बाजार हाय तो चालत. डाक्टरकडं रिक्षा हाय. मोठी घे."

सीट बांधून झाली. जीवनला तिथून तसंच पेणकडे जाऊन बायको-पोराला आणायचं होतं. मागे बाळाशेजारी कल्पिता बसणार, तिच्या पिशव्या, पाळण्याचं सामान. सखुबाईने फोन मुलाच्या हातात दिला.

"मना ष्टँडवर सोड. उरणची गाडी असंल."

"आये, मधी बस ना. होईल कसंतरी."

"मागं मना वकारी येते. पोरावर करू का?"

त्याने तिला एसटी स्टँडवर सोडलं. ती उतरली, तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं होतं. ब्रेक मी उशिरा मारला, असं काहीसं. मागच्या बसने हॉर्न दिला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

एसटीत सखुबाईला खिडकी मिळाली. बाहेर कंटेनरची रांग लागली होती, लाल, निळे, गंजलेले. ती मनातल्या मनात त्या मुलीचं बोलणं घोळवत होती. माणसाच्या हातांचं काम नाही ते. जासई येईपर्यंत तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं असं हलकं वाटत होतं. घरी जाऊन कोणालातरी हे सांगावं, शेजारच्या सोनूबाईला सांगावं, ओटीवर बसून त्या सगळ्या बायकांना सांगावं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी गाडी दारात आली. सखुबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं. कल्पिता बाळाला छातीशी धरून उभी होती. सखुबाईने हात पुढे केले नाहीत. कल्पिताने बाळ दिलं नाही. ओवाळून झाल्यावर दोघी आत गेल्या.

सकाळी तेल लावायला मात्र कल्पिताने त्याला सासूकडे दिलं. सखुबाई जमिनीवर पाय पसरून बसली, बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीवर कोमट तेल जिरवू लागली. बाळ हुंकार देत पडून राहिलं. कल्पिता समोरच बसली होती. तिचा एक हात बाळाच्या पायापाशी जमिनीवर टेकलेला होता. पहिल्या दिवशी सखुबाईला वाटलं, ती काही द्यायला-घ्यायला बसली आहे. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. तिसऱ्या दिवशीही.

"तू जा, चाय पी," सखुबाई म्हणाली.

"नको."

"मी बसल्या जागी हाय गं. जमिनीवर हाय."

कल्पिता उठली नाही. तेल संपलं, बाळाला उताणं केलं, त्याने पाय झाडले. मग सखुबाईने खाली बघतच विचारलं, "त्या पोरीनं सांगितलं ते आयकलंस ना तू?"

"आयकलं."

"कोनाच्याच हातात र्‍हात न्हाय, बोलली ती."

"खरंच असंल. शिकलेली हाय ती." कल्पिताने बाळाचा पाय हातात घेतला. "मना समजतंय, आई. रात-रात समजतंय. पन तुमच्या हातातून सुटली न्हाय, असं धरलं तर मग काय? मी दिली पुढं. मना झोप येत होती म्हनून दिली. रडू दे, मागंच राहू दे, असं म्हनाचं होतं, न्हाय म्हटलं. आनि गाडी कोन चालवत होता? ह्यांना मी काय विचारू? विचारलं तर हे या घरात र्‍हातील? मी र्‍हाईन?"

सखुबाईचे हात थांबले होते. आतल्या खोलीत जीवन झोपला होता, रात्रपाळी करून. दार अर्धं उघडं होतं. तो झोपला होता की नाही, दोघींनाही माहीत नव्हतं.

"तुमच्यावर होतं तवर मना जगता आलं," कल्पिता म्हणाली. ती रडत नव्हती. धान्यात किती खडे निघाले हे सांगावं तसं सांगत होती. "वाईट हाय मी."

सखुबाईने बाळाच्या अंगाला पीठ लावायला घेतलं. छातीवरून, काखेतून, मानेच्या वळीतून.

"र्‍हाऊ दे मग," ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातावर हाय ते तसंच र्‍हाऊ दे. त्याला काय इचारू नको."

"आई..."

"पानी काढलंय का? थंड होईल."

सोनूबाईला तिने ते कधीच सांगितलं नाही. ओटीवर कोणी साचीचा विषय काढला, की पूर्वीसारखीच गप्प बसून राही. बाळाला तेल लावायचं काम तिच्याकडे राहिलं. कल्पिता समोर बसायची तीही राहिली.

पाऊस सरला, दिवाळी झाली. कल्पिताच्या मामेबहिणीचं लग्न पालीला होतं. बाळ आता धरून उभं राहायला लागलं होतं. सकाळीच जीवनने गाडी पुसून दारात लावली. शेवटपर्यंत पुढे सरकवलेल्या पुढच्या सीटवर आहेराची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. कल्पिताने बाळाला त्याच्या सीटमध्ये बसवलं, खांद्यांवरचे पट्टे ओढले, बकल लावलं, पुन्हा ओढून बघितलं. बाळ थोडं कुरकुरलं.

"आये, आजतरी चल," जीवन म्हणाला. "सगली इचारतील तुना."

"सांग, गाडी लागते तिला."

"एवढ्याशा वाटंला?"

"जा रं. मुहूर्त टलंल."

कल्पिता मागे बाळाशेजारी बसली. दार लावण्याआधी तिने सासूकडे बघितलं. "डाल झाकून ठेवलीय. जेवून घ्या," ती म्हणाली.

"जेवतंय."

गाडी निघाली. शेजारच्या कुंपणाशी सोनूबाई कपडे वाळत घालत होती. ती हसून म्हणाली, "बघ गं सखू, सगली पाठ करून चालली. तुझा नातू तेवढा तुझ्याकडं तोंड करून चाललाय."

सखुबाईने हात डोळ्यांवर आडवा धरला आणि गल्लीच्या टोकाला जाणाऱ्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं. उन्हात काच लखलखत होती. तिच्यात आभाळ होतं, विजेच्या तारा होत्या आणि दूरवरची बंदराची क्रेन होती. आतलं काही दिसत नव्हतं. तरी ती बघत राहिली. वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले, गाडी हळू झाली, मग वळली.

"दिसला का?" सोनूबाईने विचारलं.

"व्हय," सखुबाई म्हणाली, आणि कोंबड्या रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून तिने फाटक ओढून घेतलं.